प्रार्थना कोरडी झाली आहे, आता काय करू?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: रोज सकाळी बायबलचा एक अध्याय वाचते, मग प्रार्थनेची यादी घेऊन बसते. घरचे, आजारी माणसं, मंडळी, सगळ्यांसाठी मागते. वर्षानुवर्षं हे नेमानं चालू आहे, पण अलीकडे आतून काहीच हलत नाही. नुसतं शांत बसून पाहिलं तर दोन मिनिटांत मन भलतीकडे जातं. माझा विश्वास आटत चाललाय का? आणि हे असं गप्प बसणं ख्रिस्ती आहे तरी का?

विश्वास आटल्याचं हे लक्षण नाही, हे आधी सांगते. मी एकांतवासाची शिबिरं घेते, लोकांशी त्यांच्या प्रार्थनेविषयी एकेकट्यानं बोलते. तिथं हा प्रश्न वारंवार येतो, आणि तो घेऊन येणारी माणसं बहुतेक वेळा नेमानं प्रार्थना करणारीच असतात. ज्याला देवाची ओढच नाही, त्याला प्रार्थना कोरडी झाल्याचं दुःख होत नाही. तुम्हाला ते होतंय.

पण तुमच्या नेमात एक गोष्ट मला खटकते. त्यातलं सगळं काम तुमच्याकडे आहे. वाचायचं तुम्ही, बोलायचं तुम्ही, यादी संपवायची तुम्ही. देवाला काही म्हणायचं असेल तर त्याला सवडच नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की आपण कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हत असतो, आणि ते कण्हणं शब्दांत मावणारं नसतं. म्हणजे तुम्ही डोळे मिटायच्या आधीपासून तुमच्या आत प्रार्थना चालू आहे. चिंतनशील प्रार्थना म्हणजे त्या चाललेल्या प्रार्थनेत जाऊन बसणं. ही गोष्ट मनाशी पक्की झाली की ‘मला प्रार्थना जमत नाही’ हे ओझं बरंचसं उतरतं, कारण ती जमवून आणायची जबाबदारी मुळात तुमची नव्हतीच.

हे ख्रिस्ती आहे का, या शंकेला मी हलकं मानत नाही. स्वतः प्रभू येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात जात असे, हे मार्कनं पहिल्याच अध्यायात नोंदवलं आहे. खोलीत जाऊन दार लावून गुप्तवासी पित्याची प्रार्थना करा, ही त्याचीच शिकवण. पुढे तिसऱ्या-चौथ्या शतकात अंतोनी आणि त्याच्यामागून कितीतरी स्त्री-पुरुष इजिप्तच्या वाळवंटात गेले. स्तोत्रं तोंडपाठ करायची आणि हातानं काम करता करता तीच मनात घोळवायची, असा त्यांचा दिवस असे. योहान कासियान त्यांच्यात राहून शिकला आणि पाचव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं ते आजच्या फ्रान्सच्या दक्षिण भागात रुजवलं. त्याचा सल्ला अगदी साधा होता: सत्तराव्या स्तोत्राच्या सुरुवातीची देवाला मदतीसाठी मारलेली हाक तेवढी घ्या, आणि सुखात, दुःखात, मोहात, कंटाळ्यात तीच म्हणत राहा. आजही अनेक मठांत दिवसातल्या प्रत्येक प्रार्थनेची सुरुवात त्याच ओळीनं होते.

प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलेल्यांना हे मठातलं आणि म्हणून परकं वाटतं. त्यांना मी मार्टिन लूथरची आठवण करून देते. त्याच्या न्हाव्यानं, पेटरनं, प्रार्थना कशी करावी असं त्याला विचारलं होतं. 1535 साली लूथरनं त्याच्यासाठी एक लहानशी पुस्तिकाच लिहून दिली. दहा आज्ञांमधली एकेक आज्ञा घ्यायची आणि तिच्यापाशी थांबायचं: ही मला काय शिकवते, हिच्याबद्दल आभार कसले मानू, कबूल काय करू, मागू काय? प्रभूची प्रार्थनाही अशीच ओळीओळीनं. आणि त्यानं एक गोष्ट बजावून सांगितली की मधेच पवित्र आत्मा तुझ्या आत बोलू लागला, तर ठरवलेलं सगळं सोड, गप्प राहा आणि ऐक. धर्मसुधारणेचा अग्रणी एका कामकरी माणसाला हे सांगतो, यातच तुमच्या शंकेचं उत्तर आहे असं मला वाटतं. ख्रिस्ती शांतता मन रिकामं करण्यासाठी नसते. ती कुणासमोर तरी असते. समोर तो आहे म्हणून आपण बोलायचे थांबतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. रोजचा अध्याय काही आठवडे संध्याकाळकडे न्या. सकाळी पाच-सात वचनं पुरेत. वेळ वीस मिनिटं, ठरलेली. मन लागलं म्हणून वाढवायची नाही आणि नाही लागलं म्हणून कापायची नाही. फोन दुसऱ्या खोलीत. पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले, बाकी बसण्याचा फार विचार नको.

कार्थुसियन या एकांतात राहणाऱ्या साधूंच्या संघाचा बाराव्या शतकातला मठाधिपती दुसरा गीगो यानं अशा वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि शेवटी देवासमोर नुसतं असणं. पायऱ्या ठाऊक असाव्यात, पण बसल्यावर त्या मोजू नयेत. नाहीतर त्याचीच एक नवी यादी होते.

मार्कच्या दहाव्या अध्यायातली 46 ते 52 ही वचनं घ्या. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा भिकारी, बार्तीमय. वचनं सातच आहेत. मोठ्यानं, सावकाश वाचा. थोडं थांबा, परत वाचा. अर्थ काढायला जाऊ नका. एखादा शब्द आपणहून अडवतो, तिथं थांबा.

पहिल्या दिवशी कदाचित गर्दी अडवेल. त्यानं गप्प राहावं म्हणून लोक त्याला दटावतात. माझ्या आत देवाला हाक मारू न देणारं कोण आहे? की मीच त्या गर्दीत उभी राहून दुसऱ्या कुणाला दटावते आहे? दुसऱ्या दिवशी दोनच शब्द पुरतील: येशू थांबला. यरुशलेमेच्या वाटेवर, वधस्तंभाच्या इतक्या जवळ आलेला असताना तो एका भिकाऱ्याच्या हाकेला थांबला. तिसऱ्या दिवशी बार्तीमयाचं वस्त्र. ते टाकून तो उठतो. भिकाऱ्याचं वस्त्र म्हणजे त्याचं अंथरूण, पांघरूण, कदाचित जवळ असलेली एकुलती एक वस्तू. आंधळ्या माणसानं गर्दीत टाकलेली वस्तू त्याला परत सापडणं कठीण. आणि ती तो दृष्टी मिळण्याआधीच टाकतो. या एका वस्त्रापाशी माणसं आठवडाभर बसलेली मी पाहिली आहेत.

मग येतो तो प्रश्न: “मी तुझ्यासाठी काय करावे म्हणून तुझी इच्छा आहे?” थोडं मागे, याच अध्यायात, याकोब आणि योहान या आपल्या शिष्यांनाही येशूनं हेच विचारलं होतं. त्यांनी गौरवात त्याच्या उजव्या-डाव्या बाजूची आसनं मागितली. बार्तीमय दृष्टी मागतो. हा प्रश्न येशू तुम्हाला विचारतो आहे असं ऐका. शिबिरात इथं आल्यावर बहुतेक जण आधी इतरांसाठी मागतात, मुलांसाठी, मंडळीसाठी. चांगलंच आहे. पण थोडं थांबलं की खालून दुसरंच काही वर येतं: मला एकटं वाटतं, मला माफ करता येत नाही, मला तुझी भीती वाटते. ते त्याला सांगा, तुमच्या घरातल्या भाषेत, जड शब्द न वापरता. सांगून झालं आणि पुढं बोलण्यासारखं राहिलं नाही की तसंच बसा. त्या बसण्यातून काही घडलं पाहिजे असं नाही.

सोळाव्या शतकातला लोयोलाचा इग्नेशियस, येशूसंघाचा (जेझुइटांचा) संस्थापक, म्हणतो की पुष्कळ माहिती असण्यानं आत्म्याची भूक भागत नाही, एखादी गोष्ट आतून चाखल्यानं भागते. म्हणून तो एकाच उताऱ्याकडे पुन्हा जायला लावतो, विशेषतः जिथं समाधान वाटलं किंवा जिथं विरोध जाणवला तिथं. तुम्ही सात वचनांवर आठवडा घालवलात म्हणजे मागं पडलात असं नाही. प्रार्थना झाल्यावर पाच मिनिटं वहीत दोन-तीन ओळी लिहा: कुठं थांबले, आत काय हललं, कुठून पळ काढावासा वाटला. ही शेवटची नोंद सर्वांत उपयोगी पडते.

मन भरकटतं त्याचं काय? ते भरकटणारच. 131व्या स्तोत्रात आईजवळ निवांत असलेलं, दूध तोडलेलं बाळ आहे. ते बाळ आता दुधासाठी आईकडे येत नाही, ती हवी म्हणून येतं. तिथवर पोचायला वेळ लागतो आणि तोवर चुळबुळ चालायचीच. लक्षात आलं की मन बाहेर गेलंय, तर ज्या शब्दापाशी होता तो मनात एकदा म्हणा आणि परत या. स्वतःला बोल लावत बसलात तर ते दुसरं भरकटणं होतं. मात्र एकच विचार पुन्हा पुन्हा येत असेल, एखादं भांडण किंवा पैशाची काळजी, तर त्याला हाकलू नका. ती त्या दिवसाची प्रार्थना आहे. तीच घेऊन प्रभूशी बोला. बार्तीमयानंही वाटेवरच हाक मारली, शांत जागा शोधत बसला नाही.

आणि ती हाक दिवसभरासाठी उचलून घ्या. “येशू, दावीदपुत्र, माझ्यावर दया करा.” या हाकेतून आणि लूकच्या अठराव्या अध्यायातल्या जकातदाराच्या विनवणीतून पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांतली येशूची प्रार्थना घडली: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. ग्रीसमधल्या अॅथॉस पर्वतावरच्या मठांत ती शतकानुशतकं म्हटली जाते. चालताना, कुणाची वाट पाहताना, झोप लागत नसताना ती हळूच म्हणत जा. श्वासाशी तिला बांधायच्या पद्धती आहेत, पण जवळ जाणतं कुणी नसेल तर त्या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे. नुसते शब्द पुरतात. संख्या मोजायचीही गरज नाही.

कोरडेपणाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण माणसं सोडून जातात ती इथं. चौथ्या शतकातल्या एवाग्रियसनं वाळवंटातल्या साधूच्या भर दुपारचं वर्णन केलं आहे. सूर्य जागचा हलत नाही असं त्याला वाटतं, दिवस संपता संपत नाही. तो सारखा बाहेर डोकावतो, जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे ते बघतो. ही जागाच वाईट आहे, इथली माणसं प्रेमळ नाहीत, दुसरीकडे गेलो तर जमेल, असं त्याच्या मनात येतं. सोळाव्या शतकात अविलाची तेरेसा, जिला प्रार्थनेची शिक्षिका मानतात, तिनं मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे की कित्येक वर्षं प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडेच तिचं चित्त असे आणि घड्याळाच्या ठोक्याकडे कान लागलेले असत. पुस्तक जवळ असल्याशिवाय प्रार्थनेला बसायचं तिला धाडस होत नसे. तुम्ही एकट्या नाही.

मात्र सगळा कोरडेपणा सारखा नसतो. कधी कारण साधं असतं: झोप कमी, कामाचा शीण, किंवा अशी एखादी गोष्ट की जी देवासमोर काढायची आपली तयारी नाही. त्यावर उपायही साधे आहेत. कधी मात्र देवच पद्धत बदलत असतो. क्रूसाच्या योहानानं, तेरेसाच्या सहकाऱ्यानं, याच्या तीन खुणा दिल्या आहेत. पूर्वीसारखं चित्र डोळ्यांपुढं आणून, विचार करून मनन होत नाही. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण जगातल्या दुसऱ्या कशातही वाटत नाही. आणि तरी आपण देवाची सेवा करत नाही आहोत, ही काळजी मनाला टोचत राहते. तिन्ही एकत्र असतील तर जोर लावून जुनी पद्धत ओढून धरू नका. शब्द कमी करा, त्याच्यासमोर प्रेमानं नुसतं लक्ष ठेवून बसा. तुमच्या प्रश्नावरून मला वाटतं की तुम्ही या वळणाच्या जवळपास असाल, पण ते समोरासमोर बोलल्याशिवाय ठामपणे सांगता येणार नाही.

याच योहानानं मनाच्या आजारातून येणारी उदासी वेगळी ओळखली होती, सोळाव्या शतकात. म्हणून स्पष्ट सांगते: झोप उडाली असेल, भूक मेली असेल, रोजची कामं उरकत नसतील, जगू नये असं वाटत असेल, तर ते आध्यात्मिक अंधार म्हणून सोसत बसू नका. डॉक्टरकडे जा, आजच. उपचार घेणं आणि प्रार्थना करणं यांत काही विरोध नाही. तसंच, ज्यांच्या वाट्याला मोठा आघात आला आहे त्यांना डोळे मिटून शांत बसल्यावर त्रास वाढू शकतो. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, चालत प्रार्थना करावी, स्तोत्रं मोठ्यानं म्हणावीत. 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

कोरड्या काळासाठी इग्नेशियसचा एक नियम मी सर्वांना पाठ करायला सांगते: उदासीत असताना आधी केलेला निश्चय बदलू नका. वीस मिनिटं ठरली असतील तर वीसच. उलट तो तर थोडं अधिक बसायला सांगतो.

संध्याकाळी दहा मिनिटं दिवसाकडे मागे वळून पाहायला ठेवा. हीही इग्नेशियसचीच शिकवण, आणि दिवस फार गडबडीचा गेला तरी ही चुकवू नये असं त्याला वाटे. आधी प्रकाश मागा, कारण आपला दिवस आपल्याला नीट दिसत नाही. मग सकाळपासून सावकाश या. कशाबद्दल आभार मानावेसे वाटतात? कुठं मन मोकळं होतं, कुठं आक्रसलं? समजा दुपारी एका सहकाऱ्याशी तुटक बोललात. लगेच पापाच्या खात्यात टाकून पुढं जाऊ नका. जरा थांबून पाहा: त्याआधी काय झालं होतं? कसली भीती होती? प्रभू त्या क्षणी तिथं होता, तो त्या सहकाऱ्याकडे कसा पाहत होता? मग क्षमा मागायची ती मागा आणि उद्यासाठी एखादी गोष्ट ठरवा, एकच. तुमची प्रार्थनेची यादी इथं आणा. दिवसभरात भेटलेली, आठवलेली माणसं एकेक करून त्याच्यापुढं ठेवा. नाव घ्या, क्षणभर त्या माणसाला त्याच्या नजरेतून पाहा, पुढं जा. यादी तीच राहील, घाई जाईल.

हे सगळं वाढतंय की नाही हे प्रार्थनेच्या वेळी काय वाटलं यावरून ठरवू नका. गोड वाटलेली प्रार्थना माणसाला तितकीच आत्ममग्न ठेवू शकते. गलतीकरांस पत्रात पौलानं आत्म्याचं फळ सांगितलं आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि पुढचं सगळं. हे फळ इतरांच्या आधी लक्षात येतं. घरातल्यांना तुमच्याशी बोलणं सोपं जातंय का? टीका झाली तर पूर्वीपेक्षा कमी लागते का? गरजवंताकडे पाहून तोंड फिरवणं कमी झालंय का? तेरेसानं आपल्या मठातल्या बहिणींना हेच सांगितलं की देवाशी जवळीक झाल्याची खूण म्हणजे सेवेची कामं.

शेवटी, एकट्यानं हे करू नका. शांत बसणाऱ्या माणसाला आपल्या मनातलाच आवाज देवाचा वाटण्याचा धोका असतो, आणि ‘देवानं मला सांगितलं’ या वाक्यानं कुटुंबं आणि मंडळ्या दुखावल्या गेल्या आहेत. जे ऐकू आलं ते पवित्र शास्त्राशी, मंडळीच्या विश्वासाशी आणि एखाद्या जाणत्या माणसाच्या सल्ल्याशी ताडून पाहा. मंडळीची उपासना, प्रभुभोजन, सोबतीचं गायन यांना हे बसणं पर्याय नाही. मार्गदर्शक निवडताना विद्वत्तेपेक्षा एक गोष्ट बघा: ते स्वतः प्रार्थना करतात का, आणि तुमचं पुरतं ऐकून घेतात का? तुमच्यावर हुकूम चालवणारा, तुम्हाला इतरांपासून तोडणारा किंवा गुप्तता पाळायला लावणारा कुणी असेल तर तिथून बाहेर पडा. महिन्यातून एकदा तासभर भेटलं तरी चालतं. जाताना वही न्या.

असं कुणी सापडत नसेल तर दोघी-तिघींनी आठवड्यातून एकदा जमा, एकच उतारा मोठ्यानं वाचा, थोडा वेळ शांत राहा, आणि प्रत्येकीनं तिला अडवलेला शब्द सांगावा. कुणी कुणाला उपदेश करायचा नाही, समजावून सांगायचं नाही. बार्तीमयानंतर लूकच्या चोविसाव्या अध्यायातली अम्माऊसची वाट घ्या, मग पहिल्या शमुवेलाच्या तिसऱ्या अध्यायातली रात्र, मग योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहीर. महिन्याअखेर वही उघडा. जिथून पळ काढावासा वाटला होता असं लिहिलंय, त्या उताऱ्यापासून पुढचा महिना सुरू करा.